‘अहो’ला जर्मनमध्ये शब्द नाही

मंगळवार, १० जून २०२५

आज बसस्टॉपवर एका बाईंचं व्याकरण दुरुस्त केलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

झालं असं की न्यूटाउनच्या स्टॉपवर मी उभी, समोरून सदर्लीचा, म्हणजे दक्षिणेकडचा, बोचरा वारा, इथे जूनमध्ये ऐन हिवाळा, आणि बोर्डावर ‘दोन मिनिटांत’ दाखवलेल्या बसचा दहा मिनिटं झाली तरी पत्ता नाही. शेजारी लाल टोपीतल्या एक म्हाताऱ्या बाई. त्या एकदम काठी आपटून म्हणाल्या, “डी फरडाम्टे बुस!” मेली बस, अशा अर्थी. आता ‘डी’ लागतं स्त्रीलिंगी शब्दाला, आणि जर्मनमध्ये बस पुल्लिंगी. पुण्यात तीस वर्षं पोरांना जर्मन शिकवलं, जीभ कशी आवरणार? म्हटलं, “डेअर. डेअर बुस.”

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. साडी, त्यावर मुलाचं, सुयशचं, जुनं पफर जॅकेट, पायात मोजे आणि स्पोर्ट्स शूज. वाटलं, आता ओरडतात. तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, “माझी आई गेल्यानंतर मला कोणी दुरुस्त केलं नव्हतं.”

नाव रेनाटे लिंडेनाउ. वय सत्त्याऐंशी. शनिवारी चहाला बोलावलंय. निवेदिता म्हणाली, “आई, अनोळखी माणसाला असं कोणी करेक्ट करतं का?” सूनबाईंना काय सांगणार? ज्याची त्याची समाजसेवा.


शनिवार, १४ जून

रेनाटेबाईंचं घर टेकडीवर, चढताना माझा जीव गेला. घरभर पुस्तकं. न्हाणीघरातसुद्धा एक शेल्फ.

घराणंच लिहिणाऱ्यांचं. वडील आर्नोल्ड लिंडेनाउ लाइपझिगमध्ये नाटकं आणि वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचे. आई केटे भाषांतरं करायची. काका कवी. नाझी आले आणि पहिल्याच वर्षी वडिलांचं पुस्तक चौकातल्या होळीत गेलं. ते म्हणे नंतर सगळ्यांना सांगत, “माझं सगळ्यात वाईट पुस्तक त्यांनी आधी जाळलं. वाचक चोखंदळ होते.” रेनाटेबाई कडेवर असताना आईवडील त्यांना घेऊन बोटीने इथे पोचले. काका म्हणाले, पुढच्या बोटीने येतो. ती बोट त्यांना मिळालीच नाही. हे सांगताना बाई कपात बघत होत्या, मग मीही माझ्या कपात बघितलं.

इथे वडील कोटांच्या कारखान्यात इस्त्री करायचे, आई बटणं लावायची. लढाईच्या दिवसांत ट्राममध्ये जर्मन बोललं की लोक वळून बघत, म्हणून छोटी रेनाटे घरीसुद्धा आईबाबांना इंग्रजीतच उत्तर द्यायची. मी म्हटलं, आमच्याकडे इरा आहे, नऊ वर्षांची. मी म्हणते “जेवायला ये,” ती म्हणते “कमिंग, आजी.” बाई म्हणाल्या, “रागावू नकोस तिच्यावर. तिला सगळं ऐकू येतं.”

मग मुद्द्याची गोष्ट. वडिलांनी इथे येऊन एकच नाटक लिहिलं, ‘दोन खोल्या’. कॉमेडी. १९४९ साली चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजीतून प्रयोग झाला. अकरा वर्षांची रेनाटे विंगेत उभी. आणि एक माणूस हसला नाही. एकसुद्धा नाही. घरी येताना वडील म्हणाले, “बहुतेक ते विनोदी नव्हतंच.” त्यानंतर त्यांनी नाटक लिहिलं नाही.

“मी वाचते तेव्हा हसते,” बाई म्हणाल्या, “पण ते माझे वडील होते. त्यांनी किराणा सामानाची यादी वाचली तरी मी हसायचे. मला मरायच्या आधी एवढंच कळायला हवंय, ते विनोदी होतं की नाही. तू वाच आणि खरं सांग.”

निघताना म्हणाल्या, “आणि मला ‘झी’ म्हणू नकोस, ‘डू’ म्हण.” जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू, आणि ‘डू’ म्हणायची परवानगी मोठ्या माणसाने द्यायची असते. आईच्या वयाच्या बाईला तू म्हणायचं म्हणजे जिभेला गाठ. पण मग आठवलं, आईला आपण तूच म्हणतो की. आजपासून या वहीत रेनाटेबाई रेनाटे झाल्या.


बुधवार, १८ जून

नाटक वाचलं. हसले नाही.

आता काय करू? खोटं सांगायला मला येत नाही, तोंडावरच दिसतं.

गोष्ट साधी आहे. एक नवरा-बायको गाव सोडून आलेत, राहायला जागा नाही. एक खाष्ट घरमालकीण आहे, पण ती जोडप्यांना खोली देत नाही, एकट्यालाच देते. म्हणून हे दोघं अनोळखी बनून दोन खोल्या घेतात. सगळ्यांसमोर एकमेकांना ‘झी’ म्हणायचं असं ठरतं. पण भांडण झालं, लाडात आले, की नवऱ्याच्या तोंडातून ‘डू’ निघतं. मालकिणीला वाटतं, हा मेला परक्या बाईशी लगट करतोय! शेवटी ती काठी घेऊन त्या दोघांचं बळजबरीने लग्न लावून देते. आपल्याच बायकोशी दुसऱ्यांदा लग्न.

बांधणी उत्तम, एकही चूक नाही. आणि हीच तर पंचाईत. मी चुका शोधत वाचलं. लाल पेन हातात घेऊन कोणी हसतं का?

रेनाटेने सोबत इंग्रजी प्रत दिलीये. ती उद्या बघते.


गुरुवार, १९ जून

सापडलं! पहिल्याच पानावर सापडलं!

इंग्रजीत सगळीकडे ‘यू’! मालकीण ‘यू’, नवरा ‘यू’, परकी बाई ‘यू’, बायको ‘यू’. अरे मग कळणार काय कपाळ? जेवणाच्या टेबलावर नवरा म्हणतो, “मीठ देता का?” बायको देते. मग विसरून म्हणतो, “अगं, अजून घाल ना.” ते ऐकून मालकिणीच्या हातातला डाव खाली पडतो. इंग्रजीत काय, तर आधी ‘यू’, मग ‘यू’, आणि उगाच डाव पडतो.

तशीच टेकडी चढून गेले. रेनाटेला सांगितलं तेव्हा तिने इंग्रजी प्रत माझ्या हातातून घेऊन ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “डाव पडला तेव्हा पहिल्या रांगेतला एक भला माणूस उठला आणि त्याने तो उचलून दिला. त्याला वाटलं, त्या बाईच्या हातून चुकून पडला.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. पाणी दिलं.

मला एकच कोडं सुटत नाही. मी म्हटलं, “तुझे वडील एवढे भाषेचे जाणकार. ‘यू’ची अडचण त्यांना कळली नाही?” ती म्हणाली, “इंग्रजी भाषांतर आईचं होतं. दिवसभर बटणं लावून मग करायची.” मी म्हटलं, “असू दे ना. चूक दाखवायला काय हरकत होती? मी असते तर तिथल्या तिथे दाखवली असती.” रेनाटे माझ्याकडे बघून नुसती हसली. हुशार माणसंसुद्धा कधीकधी साध्या गोष्टीत ढिली पडतात, दुसरं काय.

पण मग उतरताना अर्ध्या वाटेत डोक्यात प्रकाश पडला. तू-तुम्ही तर आपल्याकडे आहे!


रविवार, २९ जून

इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. गणपतीच्या कार्यक्रमात मराठीतून ‘दोन खोल्या’ करायचं, असं मी जाहीर केलं. अध्यक्ष विश्वनाथ यांचा चेहरा पडला. “सुचित्राताई, लोक वर्षातून एकदा मोदक खायला येतात. गणपतीत नाझी कशाला?”

“नाटकात नाझी नाहीत. घरमालकीण आहे.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, आणि लगेच, “पण चाळीस मिनिटं. त्यानंतर पोरांचा बॉलिवुड डान्स आहे. आणि लोक हसले नाहीत तर पुढच्या वर्षी मला नावं ठेवायची नाहीत.”

मालकीण लीलाबाई. नागपूरच्या, आवाज असा की माइक शरमेल. बायको सुनीता, नवरा रमणराव. रमणराव म्हणजे पुलांचे इंजिनियर, निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, शेजारच्या लोअर हट गावात एकटेच राहतात. मी विचारायच्या आधीच त्यांनी हात वर केला. त्यांनी जन्मात नाटकात काम केलेलं नाही, पण पुरुष मंडळींत दुसरं कोणी तयार नव्हतं.


शनिवार, १२ जुलै

आमच्या गॅरेजमध्ये पहिलं वाचन. रमणरावांनी स्वतःचा हीटर आणला, आल्याच्या चहाचा थर्मास आणला, माझ्या खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली. माणूस व्यवस्थित आहे. फक्त संवाद पाठ होत नाहीत.

आणि वाचन सपशेल आपटलं. कोणी हसेना. निवेदिता दाराशी उभी राहून ऐकत होती, तीही हसेना. इरा म्हणाली, “आजी, इट्स गुड, बट इट्स काइंडा लाँग.”

मी एकेक शब्द तोलून भाषांतर केलं होतं. जिथे ‘झी’ तिथे तुम्ही, जिथे ‘डू’ तिथे तू. शंभर टक्के अचूक.


रविवार, १३ जुलै

त्या बिचाऱ्या माणसाचं नाटक एकदा इंग्रजीत मेलं. आता मी मराठीत मारणार. एका नाटकाला दोनदा मारायचं म्हणजे पापच की. आणि तेही त्याच्या मुलीच्या डोळ्यांदेखत.

भाजीत दोनदा मीठ घातलं. सुयश बिचारा गुपचूप जेवला.


रविवार, २० जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तालीम चालू होती. बायको म्हणजे सुनीता, माझ्या भाषांतराप्रमाणे नवऱ्याला खोलीत म्हणते, “तू माझं ऐकत का नाहीस?” लीलाबाईंनी पुस्तकच मिटलं. “अहो सुचित्राताई, हे कधीचं नाटक?”

“१९४९.”

“त्या काळात कुठली बायको नवऱ्याला तू म्हणायची? आमच्याकडे तर २०२५ मध्येसुद्धा म्हणत नाही. माझं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, मी एकदा रागात तू म्हटलं तर ह्यांनी डॉक्टरला फोन केला.”

सगळे हसले. मी म्हटलं, “मग बायको काय म्हणणार? लोकांत तुम्ही आणि घरातही तुम्ही? मग घरातलं नातं कळणार कसं?”

तेवढ्यात रमणराव टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते. तिथूनच म्हणाले, “अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?”

माझ्याकडे बघून. मला. मग जो काही हशा फुटला! निवेदिता तर दाराला धरून हसत होती. मी म्हटलं, “रमणराव, हे संहितेत नाही. आणि चष्मा तुमच्या कपाळावर आहे.” ते लालेलाल. सॉरी सॉरी म्हणत बसले. वय झालं की असा गोंधळ होतो, सवयीने गेलेल्या बायकोची आठवण झाली असणार. मी मनावर घेतलं नाही.

पण मुद्दा हा की लोक हसले! कधी हसले? अनोळखी ठिकाणी ओळखीचा सूर लागला तेव्हा. आणि मग एकदम कळलं. अहो! बायको दोन्हीकडे ‘अहो’च म्हणणार. रिक्षावाल्याला म्हणतो ते अहो, आणि नवऱ्याला म्हणतो ते अहो. शब्द तोच, पण फरक आंधळ्यालाही कळतो. बायको बिचारी नियम पाळतेय, एकही शब्द चुकत नाही, आणि तरी प्रत्येक ‘अहो’ला पकडली जातेय. मूळ नाटकात एकटा नवरा चुकायचा. मराठीत दोघंही सापडतात!

तीस वर्षं शिकवलं, पण ‘अहो’ला जर्मनमध्ये शब्द नाही हे आज कळलं.

मला बाजारातून भाजी आणायची होती म्हणून रमणरावांनी तिकडे सोडलं, मग घरी सोडलं. त्यांचं घर अगदी उलट दिशेला. पेट्रोल किती महाग आहे, पण त्यांना फिरायला आवडतं.


शुक्रवार, १ ऑगस्ट

संकट! सुनीताची पाठ धरली. फोनवर कण्हत होती. “मला उभंसुद्धा राहवत नाही हो, काम तुम्हीच करा, तुम्हाला सगळं पाठ आहे.” लीलाबाई शेजारीच होत्या, लगेच म्हणाल्या, “हो हो, तुम्हीच करा.” रमणराव थर्मासचं झाकण लावत बसले. ते झाकण लागायला इतका वेळ लागत नाही.

चौसष्टाव्या वर्षी नवी नवरी! पण दुसरं कोण आहे?

तालमीत पहिल्यांदा “अहो” म्हणायची वेळ आली आणि माझा आवाजच फुटेना. माझे हे जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत हा शब्द तोंडून निघाला नव्हता, म्हणजे तसा नव्हता निघाला. डॉक्टरांना, दुकानदाराला निघायचा, तो वेगळा. रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, लपवलं नाही.

रमणराव म्हणाले, “आज राहू दे. चहा घ्या.” आणि मग इकडचंतिकडचं बोलत बसले, पूल वाऱ्यात कसा हलतो आणि हलला म्हणूनच कसा टिकतो, वगैरे. पुलांमध्ये मला रस नाही, तरी सगळं ऐकलं. त्यानंतर एकदा म्हणून बघितलं. निघाला. नीट निघाला.


शनिवार, ९ ऑगस्ट

इंडियन स्टोअरमध्ये सुनीता दिसली. दहा किलो तांदळाची गोणी खांद्यावर टाकून चालली होती. मला बघून दचकली आणि एकदम पाठीला हात लावला. म्हटलं, किती लवकर बरी झालीस गं, देव पावला. पण आता काम परत देता येणार नाही, माझं बसलंय.


मंगळवार, १२ ऑगस्ट

रेनाटे तालमीला आली. मी तिला आधी ‘अहो’ समजावून सांगितलं. फळ्यावर लिहून, दोन्ही सुरांत म्हणून दाखवलं. ती शाळकरी पोरीसारखी घोकत बसली. रिक्षावाल्याचं अहो. नवऱ्याचं अहो. उच्चार फारच छान. शेवटी म्हणाली, “पापांनी या एका शब्दासाठी अंगावरचा कोट काढून दिला असता. आणि त्यांच्याकडे एकच होता.”

मी तिला खरं तेच सांगितलं. की तालमीत आम्ही हसतो, पण आम्ही घरचेच. हॉलमध्ये काय होईल ते मला माहीत नाही. नको येऊस असंही म्हटलं. पुन्हा एकदा ती शांतता ऐकायला लागली तर?

ती म्हणाली, “मी येणार. पण मला खुर्ची स्टेजकडे तोंड करून नको. प्रेक्षकांकडे तोंड करून ठेव. नाटक मला पाठ आहे. मला तोंडं बघायची आहेत.”

रेनाटेला सोडून घरी येताना इराने गाडीत विचारलं, “आजी, इज रमण आजोबा युअर बेस्ट फ्रेंड?” मी म्हटलं, नाही गं, सहकलाकार आहेत. पुढच्या सीटवर सुयश आणि निवेदिताने एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यात काहीतरी बिनसलंय की काय?


शुक्रवार, २९ ऑगस्ट

उद्या प्रयोग. रमणरावांना अजूनही ‘तुम्ही’ची वाक्यं आठवत नाहीत. ‘तू’ची मात्र सगळी पाठ! पुलाच्या एकेका खिळ्याचा हिशेब सांगणारा माणूस, त्याला “आपण जरा मीठ द्याल का” एवढं लक्षात राहू नये? कठीण आहे. जेवण जात नाही. विश्वनाथ यांनी फोन करून सांगितलं की तीनशे लोक येणार आहेत. मी म्हटलं, इतके कशाला?


रविवार, ३१ ऑगस्ट

काल लिहायला त्राण नव्हतं. आज सकाळी सगळं लिहिते, एकही गोष्ट सुटायला नको.

हॉल गच्च. आरती झाली, मोदक झाले, पोरं जँडल्स, म्हणजे नुसत्या स्लिपर, घालून थंडीत धावतायत, मागे कोणीतरी आईस्क्रीम सांडलं. रेनाटे स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, खुर्ची उलटी, लाल टोपी, लीलाबाईंनी पांघरवलेली शाल. लोकांना वाटलं पाहुण्या आहेत, भाषण करणार, म्हणून पहिले काही जण त्यांनाच नमस्कार करून गेले.

पडदा उघडला. पाच मिनिटं कोणी हसलं नाही. खुर्च्या सरकवण्याचे आवाज, एक मूल रडलं. मी रेनाटेकडे बघितलं. ती हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, अकरा वर्षांची पोर विंगेत उभी असेल तशी. मला वाटलं, देवा, हिच्यासाठी तरी.

जेवणाचा प्रसंग आला. रमणराव, म्हणजे नवरा, अगदी अदबीने, “आपण जरा मीठ द्याल का?” बरोबर म्हणाले! मी दिलं. त्यांनी चाखलं आणि, “अगं, अजून घाल ना, तुला माहितीय ना मला कसं लागतं.”

लीलाबाईंच्या हातातला डाव पडला. ठण्ण.

कोणी उचलायला आलं नाही. एक क्षण काहीच नाही. मी, संहितेप्रमाणे, दातओठ खाऊन, फक्त एवढंच म्हटलं, “अहो!”

आणि हॉल कोसळला. दुसरा शब्दच नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजी नवऱ्याच्या पाठीत गुद्दा मारून हसत होत्या. पोरं हसत होती, ज्यांना मराठी बोलता येत नाही म्हणतात तीच. इरा खुर्चीवर उभी राहून ओरडली, “आजी, तू पकडली गेलीस!” मराठीत! पुढचं वाक्य बोलायला आम्हाला थांबावं लागलं. मग त्यानंतर प्रत्येक ‘अहो’ला हशा. मी नुसतं तोंड उघडलं तरी हशा. लग्नाच्या प्रसंगात लीलाबाई काठी घेऊन म्हणाल्या, “आता तरी हिला तू म्हण मेल्या!” आणि रमणराव काही बोललेच नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. वाक्य विसरले असणार. पण लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. चाळीस मिनिटांचं नाटक तासभर चाललं आणि विश्वनाथ बॉलिवुड डान्सच्या पोरांना स्वतःच थांबवून धरत होते.

रेनाटे एकेक तोंड बघत होती. डावीकडून उजवीकडे, सावकाश, वाचल्यासारखी. दोन्ही हात तोंडावर, आणि गालांवरून पाणी वाहतंय.

पडदा पडल्यावर मी तशीच मुंडावळ्यांसकट तिच्याकडे गेले. तिने माझा हात घट्ट धरला. “ही सगळी अनोळखी माणसं आहेत ना? तुझे नातेवाईक नाहीत?”

“अनोळखी. काही तर मला आवडतही नाहीत.”

“म्हणजे ते विनोदी आहे.”

“विनोदी आहे, रेनाटे. फार विनोदी आहे.”

तिने टोपी सारखी केली. मग म्हणाली, “म्हणजे पापांचीही चूक नव्हती आणि आईचीही नव्हती.”

मी म्हटलं, “चूक इंग्रजीची.”

तिने मला मिठी मारली. आम्ही दोघी रडलो आणि हसलो, कुठलं कधी ते आठवत नाही. मग भोवती सगळे जमले. लीलाबाई, सुनीता, सुयश, निवेदिता, सगळे एकदम बोलत होते. विश्वनाथ पुढच्या वर्षीची तारीख विचारत होते. माझा घसा बोलून बोलून सुकला होता. रमणराव पलीकडे टेबलापाशी खुर्च्या एकावर एक रचत होते, अजून नवरदेवाची टोपी डोक्यावर.

मी तिथूनच हाक मारली, “अहो, जरा पाणी आणता का?”

रमणरावांच्या हातातली खुर्ची खाली पडली. ठण्ण. आणि मग जो हशा उठला, तो नाटकातल्यापेक्षा मोठा. लीलाबाईंनी सुनीताला टाळी दिली. निवेदिता डोळे पुसत होती. रमणराव पाणी घेऊन आले तर अर्धं पाणी सांडलेलं, आणि माणूस असा हसतोय जसा काही त्याला खजिना सापडला.

पाणी मागितलं त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. नाटक तर संपलं होतं. रेनाटेसुद्धा पोट धरून हसत होती, आणि तिला तर मराठीतला तेवढा एकच शब्द येतो.